रत्नागिरीत बघण्यासारखं काही नाही

रत्नागिरीच्या माणसाला "तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे हो?" असं विचारलंत, की तो आधी तुमच्याकडे बघतो, मग रस्त्याकडे बघतो आणि म्हणतो, "तसं काही नाही." तुम्हाला वाटतं विनय. विनय वगैरे काही नाही, त्याला मनापासून तसंच वाटत असतं. समुद्र? तो रोजचाच. किल्ला? आहे वर, कुठे पळून जात नाही. राजवाडा? तो आमचा नव्हे, त्या ब्रह्मदेशच्या राजाचा. आंबा? यंदा काही खरं नाही. हे 'यंदा काही खरं नाही' मी कळायला लागल्यापासून दर वर्षी ऐकते आहे. आता साठी उलटली. एवढी वर्षं आंब्याचं काही खरं नाही, आणि तरी दर मे महिन्यात आमच्या माळ्यावर पाय ठेवायला जागा नसते.

मी रत्नागिरीचीच. माहेर खालच्या आळीत, सासर मारुती मंदिराजवळ. लग्न करून मी आयुष्यात जेवढी लांब गेले ते अंतर चालत अर्ध्या तासाचं आहे. नोकरी पोस्टात, काउंटरवर. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरी मोजण्यात हयात गेली. त्यामुळे हे गाव मुख्यतः दोन प्रकारच्या माणसांचं आहे, हे मला फार लवकर कळलं: पैसे पाठवणारी आणि अंगठा उठवणारी. पाठवणारी मुंबईत राहून "आमचं रत्नागिरी" म्हणून डोळे पुसत, आणि अंगठा उठवणारी इथे राहून "काय आहे इथे?" म्हणत.

काउंटरवर एकदा पुण्याचे एक गृहस्थ आले. तिकिटं नकोत, पाकिटं नकोत. म्हणाले, "मधली आळी कुठे आली? अंतू बर्व्यांचं घर बघायचं होतं." पु. ल. देशपांड्यांनी अंतूशेटना मधल्या आळीत आणून बसवल्यापासून माणसं त्यांना शोधत येतात. पुस्तकातला माणूस आहे हे त्यांना ठाऊक असतं. पण पोस्टाला पत्ता माहीत असेल अशी अंधुक आशाही असते. मागे रांग वाढत होती. मी म्हटलं, "घर बदललंय. नवा पत्ता कळवलेला नाही." गृहस्थ खूश होऊन गेले. रत्नागिरीचा तिरकस माणूस त्यांना भेटला होता, त्यांचं भाडं वसूल झालं.

तर यंदाच्या मे महिन्यात आमच्याकडे पाहुणे आले. माझ्या धाकट्या जावेच्या बहिणीचे दीर, त्यांची बायको, पाचवीतला मुलगा आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी, असे चौघे, डोंबिवलीहून. नातं लांबचं वाटेल. पण मे महिन्यात समुद्रकाठच्या गावात सगळी नाती जवळची असतात. दिवाळीत हीच माणसं ओळख देत नाहीत.

हे दीर, म्हणजे माझेही भाऊजी, मांडवी एक्सप्रेसमधून उतरले तेच खुशीत. "वहिनी, बघा, तुमच्या मांडवी बंदराच्या नावाची गाडी!" गाडीचं नाव गोव्याच्या मांडवी नदीवरून आहे, आमच्या मांडवीशी तिचा काही संबंध नाही, हे मी गिळून टाकलं. पाहुणा फलाटावर असताना त्याची चूक दुरुस्त करू नये. घरी नेऊन, चहा देऊन, मग करावी.

चहाबरोबर त्यांनी यादी काढली. सतरा ठिकाणं, तीन दिवस. प्रत्येक ठिकाणापुढे वेळ लिहिलेली. मी यादी वाचली आणि माझ्या लक्षात आलं, की सतरापैकी सहा ठिकाणी मी पंधरा वर्षांत पाऊल टाकलेलं नाही, आणि दोन ठिकाणं रत्नागिरीत आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. तसं मी म्हटलं नाही. म्हटलं, "हो, हो, तिथे तर जायलाच हवं."

पहिला दिवस थिबा पॅलेसचा. इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण रत्नागिरीत बघण्यासारखं जे काही आहे त्याची गोम या वाड्यात आहे.

थिबा हा ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं मंडालेचं राज्य घेतलं, त्याला राण्यांसकट बोटीत घातलं, आधी मद्रासला ठेवलं आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणून उतरवलं. ऐन उकाड्यात. राजा सत्ताविशीतला. पुढे तीस वर्षं तो इथेच होता. आपल्याकडचे पाहुणे आठ दिवस राहिले तर आपण आतून कढी पातळ करायला लागतो. इंग्रज सरकारने तर पाहुण्याला पंचवीसएक वर्षं दुसऱ्या बंगल्यांत ठेवून १९१० साली हा वाडा बांधून दिला, आणि पुढे सहाच वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये, राजा गेला. त्याची समाधीही इथेच आहे.

वाडा देखणा आहे. जांभ्याच्या रंगाच्या भिंती, उतरती छपरं, अर्धगोल खिडक्यांवर लाकडी नक्षी, आणि मागे उतारावरून थेट काजळी नदीची खाडी आणि भाट्याचा पूल दिसतो. वाड्यातून राजाला समुद्र दिसे. ज्या वाटेने घरी जाता येत नाही ती वाट रोज समोर दिसावी, ही शिक्षा की मेहेरबानी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. १९०८ साली इंग्रजांनी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा दिली आणि पाठवलं कुठे? मंडालेला. टिळक जन्माने रत्नागिरीचे. १८५६ साली इथल्या टिळक आळीत जन्मले, दहाव्या वर्षी वडिलांच्या बदलीमुळे पुण्याला गेले. म्हणजे बघा, मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेत. इकडे राजा नव्या वाड्यात सामान लावतोय, तिकडे तुरुंगात टिळक 'गीतारहस्य' लिहीत बसलेत. सरकारी खात्यात तीस वर्षं काढल्यामुळे मी सांगते, याला आमच्या भाषेत 'परस्पर बदली' म्हणतात. फक्त यात अर्ज दोघांनीही केलेला नव्हता.

भाऊजींनी हे ऐकलं आणि घड्याळ पाहिलं. यादीत थिबा पॅलेसला पंचवीस मिनिटं होती आणि त्यातली अठरा माझ्या बोलण्यात गेली होती. मुलाने मात्र नीट ऐकलं होतं. त्याने विचारलं, "मग तो राजा पळून का नाही गेला?"

"कसा जाणार? तेव्हा कोकण रेल्वे नव्हती."

"बोट होती की," भाऊजी म्हणाले.

तोपर्यंत गप्प बसलेल्या आजी म्हणाल्या, "बोट मी पाहिलेय. त्या बोटीने पळण्यापेक्षा कैद बरी."

वाड्यात आता पुराणवस्तूंचं संग्रहालय आहे. भाऊजींनी दगडी मूर्तींचे फोटो काढले आणि सिंहासन कुठे आहे ते विचारलं. सिंहासन इथे कधी आलंच नाही. राजाचं रक्त मात्र इथे राहिलं. त्याच्या थोरल्या मुलीचं मन राजाकडच्या सावंत नावाच्या नोकरावर बसलं. त्यांची लेक टुटू ही राजाची नात. ती रत्नागिरीत वाढली, मराठी बोलली, साध्या घरात संसार केला आणि २००० साली इथेच गेली. ब्रह्मदेशची राजकन्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीचा भाव करत होती, आणि आम्हा रत्नागिरीकरांना त्यात काही बघण्यासारखं वाटलं नाही. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष समाधीचं दर्शन घ्यायला आले तेव्हा कुठे लोकांनी विचारलं, ही समाधी नक्की कोणत्या रस्त्याला आहे?

थिबानंतर आठ वर्षांनी, १९२४ साली, इंग्रजांनी सावरकरांना इथे स्थानबद्ध केलं. अट अशी, की रत्नागिरी जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही. १९३७ पर्यंत ते इथे होते. त्या काळात १९३१ साली पतितपावन मंदिर उभं राहिलं, सर्व जातींना खुलं. पैसा दिला भागोजीशेठ कीरांनी, जे रत्नागिरीहून गरिबीत मुंबईला गेले आणि तिथे मोठे कंत्राटदार झाले. आता माझं म्हणणं तुमच्या लक्षात आलं असेल. या गावात पाटी लावण्यासारखं जे जे आहे, ते इथून निघून गेलेल्यांचं आहे, नाही तर इथून जाऊ न दिलेल्यांचं. आपखुशीने राहिलेल्यांच्या नावाची पाटी फक्त दारावर, तीही कुत्र्यापासून सावध करणारी.

यात आणखी एका मुक्कामी पाहुण्याची भर घालते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा 'बसरा स्टार' नावाचं एक जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या किनाऱ्याला रुतलं. लोकांना वाटलं, आठ-पंधरा दिवसांत नेतील. ते पुढे वर्षानुवर्षं तिथेच. लोक ते बघायला यायला लागले, पोरं फोटो काढायला लागली, भेळवाला उभा राहिला. रत्नागिरीत काहीही येऊन अडकलं की त्याचं प्रेक्षणीय स्थळ होतं. आमचं त्यात कर्तृत्व शून्य.

दुपारी मत्स्यालय. झाडगावला सागरी संशोधन केंद्र आहे. तिथे काचेच्या पेट्यांत रंगीत मासे आणि एका देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. भाऊजी पाट्या वाचत होते. पलीकडे एक गावकरी कुटुंब होतं. त्यातल्या बाई प्रत्येक पेटीसमोर थांबून नवऱ्याला सांगत होत्या, "ह्याला काटे फार." "हा तिखलं करण्यापुरता." "हा नुसता दिसायला." एवढा अभ्यासपूर्ण मार्गदर्शक कुठल्याही संग्रहालयात पगारी मिळणार नाही. मी भाऊजींना सोडून त्यांच्या मागोमाग फिरले.

संध्याकाळी भाट्याला जायचं होतं. यादीत लिहिलं होतं: ६.३० ते ७.१५, भाट्ये बीच, शंखशिंपले, सूर्यास्त. निघताना माझ्या सासऱ्यांनी झोपाळ्यावरून विचारलं, "आज तिथी कुठली?"

"दशमी," मी म्हटलं.

"मग शिंपले कसले वेचताय? साडेसातला भरती भरते आहे."

भाऊजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू म्हाताऱ्याने गंडादोरा काढला. तर भरतीचा हिशेब असा आहे, लिहून घ्या, उपयोगी पडेल. तिथीचा पाऊणपट करायचा. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. दशमीचे साडेसात, अष्टमीचे सहा, चतुर्थीचे तीन. त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून. आमच्याकडे पाढे पाठ नसलेल्या पोरालाही पाऊणकी येते ती यामुळेच. भाऊजींनी मोबाइलवर पाहिलं. मोबाइल म्हणाला, सात वाजून दहा मिनिटं.

"वीस मिनिटांचा फरक पडतोय, काका," भाऊजी म्हणाले.

"पडू दे," सासरे म्हणाले. "कंपनीला कळवा, दुरुस्त करतील."

भाट्याला पोचलो तर पाणी सुरूच्या झाडांच्या दिशेने वर सरकत होतं आणि शिंपले पाण्याखाली होते. राहिला सूर्यास्त. आता सूर्यास्त ही समुद्रकाठी फुकट मिळणारी एकच गोष्ट, पण ती बघणारा माणूस मला गेल्या कित्येक वर्षांत दिसलेला नाही. सगळे सूर्याकडे पाठ करून उभे. एकीने तळहात वर धरलेला, नवरा वाळूत गुडघे टेकून ओरडतोय, "डावीकडे! थोडा खाली! अगं, सूर्य बोटांतून निसटतोय!" भाऊजींनी सूर्य चिमटीत पकडला, मुलाने तोंडात धरला, त्यांच्या बायकोने ओंजळीत घेतला. या गडबडीत तो कधी बुडाला ते कुणालाच कळलं नाही. अंधार पडल्यावर भाऊजी मोबाइलमध्ये बघून म्हणाले, "वा! काय सुंदर सूर्यास्त होता!"

पाण्यात मात्र मी कुणाला जाऊ दिलं नाही. तुम्ही किनाऱ्यावर उभे राहून बघा, गुडघ्याच्या पुढे पाण्यात असलेला प्रत्येक माणूस घाटावरचा निघेल. रत्नागिरीचा माणूस वाळूत चपला हातात घेऊन उभा असतो. आम्हाला पोहायला येत नाही असं नाही, ओळख आहे म्हणून जपून असतो. भाऊबंदांशी वागतो तसं: सणावाराला नारळ द्यायचा आणि चार हात लांब राहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. भाऊजींच्या मते हा 'अनुभव' होता, मला फक्त बांगडे हवे होते. बंदरावर बोटी एकीला एक खेटून लागलेल्या, टोपल्या उतरताहेत, बर्फ फुटतोय, पायाखाली चिखल नाही पण चिखलासारखंच काहीतरी. भाऊजी पांढरे बूट घालून आले होते. त्या बुटांबद्दल पुढे काही लिहीत नाही.

त्यांनी एका मासेवालीला विचारलं, "मावशी, ताजी आहे ना मासळी?"

मावशींनी वर न बघता उत्तर दिलं, "शिळी हवी असेल तर उद्या या."

मग भाऊजींनी सुरमईचा फोटो काढला, पापलेटचा काढला, कोळंबीचा काढला. एका वाट्यावर वाकून इतक्या जवळून काढला, की मावशी म्हणाल्या, "पाहून झाला असेल तर उचला, नाहीतर त्याला दृष्ट लागेल." मी पुढे झाले. बांगड्याचा कल्ला उचलून पाहिला, आत लालभडक होता. बोटाने पोट दाबलं, खड्डा राहिला नाही. भाव विचारला, अर्धा सांगितला, पाठ वळवली, चार पावलं गेले, हाक आली, परत फिरले. दोन मिनिटांत वाटा पिशवीत. भाऊजी थक्क. "वहिनी, तुम्ही तर एकही शब्द जास्त बोलला नाहीत!" भाव करताना तोंड कमी आणि पाठ जास्त वापरायची असते, हे डोंबिवलीत कुणी शिकवत नाही. आणि बांगडे का घेतले, पापलेट का नाही, असं विचाराल तर पापलेट हा मासा न आवडणाऱ्या लोकांचा मासा आहे. माझं मत.

एक सांगून ठेवते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. त्या काळात रत्नागिरीला येऊन "ताजा मासा कुठे मिळेल?" विचारणारा माणूस आमच्याकडे दर वर्षी असतो, आणि त्याला तो खिलवणाराही असतो. मासा कुठून आला, ते दोघेही एकमेकांना विचारत नाहीत.

किल्ला भाऊजींनी भर दुपारी बाराला केला. रत्नदुर्ग घोड्याच्या नालेसारखा आहे, तिन्ही बाजूंनी समुद्र, वर भगवतीचं देऊळ, एका टोकाला दीपगृह. पाहण्यासारखा आहे यात शंका नाही, पण मे महिन्यात बारा वाजता तो जांभा दगड खालून आणि सूर्य वरून माणसाला अशा शेकतात, की भक्तिभाव आपोआप येतो. किल्ल्यावरून एका अंगाला काळा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र. पाणी दोन्हीकडचं सारखंच, वाळू काळी नि पांढरी. काळ्या वाळूत लोखंडाच्या जातीचं खनिज आहे. पांढऱ्या समुद्राची पांढरी वाळू मात्र बरीचशी समुद्रानेच नेली, आता तिथे मोठमोठ्या दगडांचा बंधारा आहे. भाऊजींनी विचारलं, "मग पांढरा समुद्र कुठला?" मी बंधाऱ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी यादीत बरोबरची खूण केली.

गणपतीपुळे, आरे-वारे, मालगुंडचं केशवसुतांचं स्मारक हे त्यांनी गाडी करून त्याच दिवशी दुपारनंतर उरकलं. मी गेले नाही, त्याबद्दल मला काही विचारू नका. मुलाने परत आल्यावर सांगितलं, की तिथे प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला घालावी लागते आणि बाबा अर्ध्यात बसले.

आंब्याचं प्रकरण मात्र घरातच झालं. भाऊजींना "थेट बागेतला, अस्सल" हापूस हवा होता. हल्ली अस्सलपणाचं फार झालं आहे. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांतलाच हापूस तो हापूस. तेव्हापासून डोंबिवलीचा माणूस आंब्याकडे जातपडताळणी अधिकाऱ्यासारखा बघतो. त्यांना मी माळ्यावर नेलं. गवताची आढी, त्यावर ओळीने फळं, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीपासूनच तो वास. भाऊजींनी पहिलं फळ उचललं आणि अंगठ्याने दाबलं.

खाली झोपाळा थांबला. सासऱ्यांना दिसत कमी, पण आंबा दाबलेला त्यांना ऐकू येतो.

"दाबू नका," ते खालून म्हणाले. "देठाशी हुंगा."

आंबा दाबून बघतात ती माणसं वाईट नसतात, पण त्यांच्या घरात मुलगी देताना विचार करावा. दाबलेल्या जागी दोन दिवसांत काळा डाग पडतो. तो आंबा 'डागी' होतो, आणि डागी आंबा कोण खातं? आम्ही. हापूसच्या गावात हापूस खाण्याची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. पहिल्या प्रतीचं फळ पेटीतून वाशीला जातं. दुसऱ्या प्रतीचं पाहुण्यांना. झाडावरून पडलेलं, पक्ष्याने टोचलेलं, पोटात साका झालेलं घरच्यांना. मी जन्मभर रत्नागिरीत आहे आणि निर्दोष हापूस मी पहिल्यांदा खाल्ला तो दादरला, नणंदेच्या घरी. तिने विकत आणला होता. पेटीवर लिहिलं होतं, 'रत्नागिरी'.

भाऊजींनी देठाशी हुंगून चार डझन निवडले. त्यातले दोन पायरी होते. मी काही बोलले नाही. पायरी रसाला जास्त चांगला.

तिसऱ्या दिवशी यादीत एकच ठिकाण उरलं होतं आणि ते आजींनी घातलेलं होतं: मांडवी. भाऊजींनी त्याला दहा मिनिटं दिली होती. आजी जेट्टीच्या टोकाशी गेल्या, कट्ट्यावर बसल्या आणि उठेचनात. त्या नऊ-दहा वर्षांच्या असताना मुंबईहून इथे आल्या होत्या, बोटीने. बोट किनाऱ्याला लागत नसे. भर पाण्यात उभी राही आणि पडाव येऊन माणसं उतरवून नेई. हलत्या बोटीतून हलत्या पडावात उडी घ्यायची. खालचा खलाशी ओरडायचा "सोड!" आणि वरचा हात सोडायचा. आजींच्या आत्याने पदराला गाठ मारून लोणच्याची बरणी आणली होती. आजींना झेललं आणि बरणीला सोडलं, की बरणीला झेललं आणि आजींना सोडलं, यावर घरात पुढे वीस वर्षं वाद होता.

"तू पाण्यात पडली होतीस?" नातवाने विचारलं.

"पडले. पण बरणी वाचली," आजी म्हणाल्या. "मिरचीचं होतं."

आजी तिथे दोन तास बसल्या. खाडीतून बोटी आल्या-गेल्या, एका माणसाने गळ टाकला आणि काहीही न मिळता गुंडाळला, एक भेळवाला तीनदा येऊन गेला. भाऊजी सुरुवातीला तीनदा म्हणाले, "आई, चल." मग तेही बसले. मोबाइल त्यांनी खिशात ठेवला. मला वाटतं बॅटरी संपली होती.

त्या रात्री तिकिटाचा चार्ट लागला. परतीचं तिकीट वेटिंगवर होतं आणि वेटिंगवरच राहिलं. कोकण रेल्वे १९९८ च्या २६ जानेवारीला पूर्ण सुरू झाली, तेव्हा आम्हाला वाटलं होतं, की आता रत्नागिरीतून कधीही निघता येईल. मे महिन्यात ते खरं नाही. दुसऱ्या दिवशीचीही गाडी भरलेली, त्याच्याही दुसऱ्या दिवशीची भरलेली. भाऊजींनी झोपाळ्यापाशी येऊन खालच्या आवाजात सांगितलं, "काका, आणखी चार दिवस तरी इथेच काढावे लागणार असं दिसतंय."

"राहा की," सासरे म्हणाले. "थिबा तीस वर्षं राहिला."

त्या चार दिवसांत यादी संपलेली होती, त्यामुळे भाऊजी सकाळी माझ्याबरोबर बाजारात आले, दुपारी झोपले, संध्याकाळी तिथी विचारून समुद्रावर गेले. मुलाला पाऊणकीचा पाढा पाठ झाला. आजींनी मिरचीचं लोणचं घालायला बरणी मागितली. पाचव्या दिवशी पहाटे रहाटघरच्या स्टँडवरून लाल एसटीत चौघांना जागा मिळाली. वर दोन पेट्या, खाली दोन पिशव्या, आणि आजींच्या मांडीवर बरणी, पदराला गाठ मारून.

एसटी सुटायच्या आधी मागच्या खिडकीतल्या एका बाईने भाऊजींना विचारलं, "काय हो, रत्नागिरीत बघण्यासारखं काय आहे? आमचं राहूनच गेलं."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. म्हणाले, "तसं काही नाही."

तुम्ही येणार असाल तर जरूर या, माळ्यावर जागा करू. फक्त परतीचं तिकीट आधी काढा. हल्ली आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि सकाळी आठला बसलात तर मिळूनही जातं. आणि कृपा करून पांढरे बूट घालून येऊ नका.